बाईंना भेटायला कुठल्या तोंडानं जाऊ?

ताई, नमस्कार.

मी मूळची बीड जिल्ह्यातली, वय 36. आता पुण्यात एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. आईवडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन टोळी निघायची, ती गुढीपाडव्यालाच परत. तिसरीपर्यंत मीही त्यांच्याबरोबर जायचे. धाकट्या भावाला सांभाळायचं, कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, भाकरी थापायच्या. चौथीला आमच्या झेडपीच्या शाळेत नवीन बाई आल्या. त्या सलग तीन दिवस संध्याकाळी घरी आल्या आणि वडिलांच्या मागे लागल्या, "हिला यंदा आजीजवळ राहू द्या." वडील शेवटी कबूल झाले. आजीला नीट दिसत नव्हतं, म्हणून बाई तालुक्याहून येताना माझ्यासाठी जास्तीची भाकरी-भाजी आणायच्या. मला आईची आठवण येऊन भर वर्गात रडू फुटायचं. मग बाईंनी शाळेतल्या कालनिर्णयावर पाडव्याच्या तारखेला गोल केला. रोज शाळा सुटताना माझ्या हातात लाल पेन द्यायच्या आणि त्या दिवसावर फुली मारायला सांगायच्या. सातवीपर्यंत असे चार हंगाम मी फुल्या मारून काढले.

पुढे बारावीच्या वर्षात माझं लग्न ठरलं. बाई एसटी स्टँडवर भेटल्या, मी पत्रिका दिली. त्यांनी ती वाचली आणि एवढंच म्हणाल्या, "तुझ्यावर घेतलेली मेहनत पाण्यात गेली." गाडी लागली होती, त्या चढून गेल्या. लग्नाला आल्या नाहीत. ते वाक्य अठरा वर्षं माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. सासूबाई चांगल्या निघाल्या. मुलगा दोन वर्षांचा असताना त्यांनी मला नर्सिंगला घातलं. निकाल लागला तेव्हा पहिल्यांदा बाई आठवल्या, पण फोन केला नाही.

आता बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिवाळीच्या सुट्टीत बाईंचा सत्कार ठरलाय. त्यांचे यजमान मागच्या वर्षी गेले, मुलगा परगावी असतो, त्या एकट्याच असतात असं कळलं. त्यांच्या खात्यावर पन्नास हजार टाकावेत असं माझ्या मनात आहे. नवरा म्हणतो, "पगार घेत होत्या, ते त्यांचं कामच होतं. एवढं काय त्यात?" मी जाऊ का नको? जायचं तर कुठल्या तोंडानं? आणि त्यांनी मला ओळखलंच नाही तर?

— एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

जा. सत्काराची वाट बघू नका. त्याच्या आधी जा, आणि एकट्याच जा.

हे मी इतक्या ठामपणे सांगते आहे, कारण मी एका झेडपीच्या बाईंची मुलगी आहे. माझ्या आईनं 34 वर्षं शाळेत शिकवलं. शिक्षकाच्या घरात वाढलं की एक गोष्ट रोज दिसते. आपण लावलेल्या कष्टाचं पुढे काय झालं, हे शिक्षकाला कळतच नाही. शेतकऱ्याला निदान सुगी बघायला मिळते. शिंपी आपण शिवलेला सदरा गावातल्या कुणाच्या तरी अंगावर बघतो. शिक्षकाची मुलं मात्र जूनमध्ये वरच्या वर्गात जातात, मग हायस्कूलला, मग कुठे पुण्याला, कुठे सुरतेला, कुठे उसाच्या फडात. त्या जागी नवी चाळीस मुलं येऊन बसतात. आई सकाळचा पेपर वाचताना मृत्यूच्या बातम्या आणि दहावी-बारावीचे निकाल सारख्याच बारकाईनं वाचायची. आपल्या हाताखालून गेलेलं एखादं नाव सापडतंय का ते बघायची.

तिच्या कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात लग्नपत्रिका, राख्या, एकदोन फोटो आणि एक आंतर्देशीय पत्र होतं. ते पत्र एका ट्रक ड्रायव्हरचं होतं. त्यानं लिहिलं होतं की, जकात नाक्यावर कारकून हिशेबात गडबड करायला लागला, मी उभ्या उभ्या तोंडी हिशेब करून त्याला दाखवला, बाई, तुम्ही तीसपर्यंतचे पाढे मारून-मुटकून पाठ करून घेतले होते. बस, एवढंच. चार ओळी, त्याही अशुद्ध. आईला निवृत्तीच्या वेळी आणि नंतर मिळून डझनभर शाली मिळाल्या, त्या तिनं थंडीत कामवाल्या मावशींना, शेजाऱ्यांना वाटून टाकल्या. ते पत्र मात्र घरी आलेल्या प्रत्येकाला वाचून दाखवायची. घडीवर घडी पडून शेवटी ते मधे फाटलं, तेव्हा मागून ब्राऊन टेप लावला.

म्हणून तुमच्या पत्रातला "उपकार कसे फेडू" हा सूर मला बाजूला ठेवावासा वाटतो. ते फेडायचं वगैरे राहू द्या. तुमच्याकडे बाईंची एक गोष्ट अठरा वर्षं अडकून पडली आहे, ती त्यांना नेऊन द्या. चौथीतली ती मुलगी आज कुठे आहे, ही बातमी. आणि "बाई, तुमच्यामुळे मी घडले" असं मोघम सांगू नका. ते वाक्य त्यांनी सत्कारांत पुष्कळदा ऐकलं असेल. तुम्ही लाल पेनाबद्दल सांगा. पाडव्याभोवतीच्या गोलाबद्दल सांगा. त्या भाकरीबरोबर कुठली भाजी असायची ते आठवत असेल तर तेही सांगा. आपण एका मुलीच्या हातात पेन दिला, हे त्या बहुतेक विसरूनही गेल्या असतील. तुम्ही विसरला नाहीत, हे त्यांना कळायला हवं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे कसं केलं, ते बघण्यासारखं आहे. शाळकरी वयात परीक्षा पास झाल्याबद्दल त्यांच्या वस्तीनं सभा घेतली. वडिलांचे स्नेही असलेले कृष्णाजी अर्जुन केळुसकर, ज्यांना ते दादा केळुसकर म्हणत, त्या सभेचे अध्यक्ष होते. स्वतः शिक्षक असलेल्या केळुसकरांनी भाषण संपवताना आपण लिहिलेलं बुद्धचरित्र त्या मुलाच्या हातात ठेवलं. पुढे शिक्षण पैशाअभावी अडलं तेव्हा सयाजीराव गायकवाडांकडे त्याच्यासाठी शब्द टाकणारेही तेच. केळुसकर 1934 साली गेले. 1956 साली, आयुष्याच्या अगदी शेवटच्या वर्षात, बाबासाहेब आपल्या अखेरच्या मोठ्या ग्रंथाची प्रस्तावना लिहायला बसले आणि बुद्धाकडे मी कसा वळलो हे सांगताना त्यांनी ती सभा, ते दादा केळुसकर आणि ते हातात आलेलं पुस्तक असं सगळं नावानिशी लिहिलं. नुसतं "माझ्या गुरुजनांचे आभार" असं लिहून ते मोकळे झाले नाहीत. केळुसकरांना मात्र ते वाचायला मिळालं नाही. तुमच्या बाई आहेत, आणि पुण्याहून बीडला दिवसभरात पोचता येतं.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. त्यांच्यावर रागावू नका. त्यांनी त्या भाकऱ्या खाल्लेल्या नाहीत. पण "ते त्यांचं काम होतं" हे खरं नाही, आणि तसं त्यांना शांतपणे सांगा. तुम्ही चौथीत होतात ते साधारण 1998-99 चं साल. तेव्हा शाळेत खिचडी शिजत नव्हती. 80 टक्के हजेरी भरली तर महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचे. शिक्षणहक्काचा कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. म्हणजे एखादी मुलगी ऊसतोडीला गेली तर तिला शोधून आणा, असं बाईंना कुठला कायदा सांगत नव्हता. हजेरीपटावर लाल शाईनं गैरहजर लिहिलं असतं तरी त्यांचा पगार एका रुपयानं कमी झाला नसता. उलट तीन संध्याकाळी तुमच्या घरी थांबल्यामुळे त्यांची शेवटची एसटी चुकली असेल की नाही, कोण जाणे. पगार शिकवण्याचा होता. जास्तीची भाकरी कुठल्या जीआरमध्ये नसते.

खरी अडचण त्या एसटी स्टँडवरच्या वाक्याची आहे. तुम्ही ती पत्राच्या मधोमध दोन ओळींत उरकलीत, पण सगळं पत्र त्याच दोन ओळींभोवती फिरतंय.

अशा वेळी लोक आचरेकर सरांचा दाखला देतात. सचिन तेंडुलकर अकरा वर्षांचा असताना रमाकांत आचरेकरांकडे आला. 2013 साली वानखेडेवर निरोपाचं भाषण करताना त्यानं सांगितलं की, 29 वर्षांत सर मला एकदाही 'चांगला खेळलास' म्हणाले नाहीत, मी हुरळून जाईन म्हणून. ऐकायला फार छान वाटतं, आणि त्या दोघांच्या बाबतीत ते खरंही होतं. पण तुमची गोष्ट तशी नाही. आचरेकरांनी कौतुक हातचं राखून ठेवलं. तुमच्या बाईंनी तुमच्या तोंडावर सांगितलं की तू वाया गेलीस. "शिक्षक बोलतात ते आपल्या भल्यासाठीच" असं म्हणून मी त्यावर पांघरूण घालणार नाही. ते बोलणं चुकीचं होतं. ज्यांना ते ऐकवायला हवं होतं, ते लग्न ठरवणारे मोठे लोक स्टँडवर नव्हते. तुम्ही होतात, सतरा-अठरा वर्षांच्या, आणि तुम्हाला त्या लग्नात कुणी विचारलंही नसेल.

पण त्या क्षणी बाईंना काय दिसलं असेल, तेही बघा. तुमच्या भागात उचल मिळते ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता. म्हणून मुलांची लग्नं लवकर उरकतात आणि नवी नवरी पुढच्याच हंगामात मोळ्या वाहायला लागते. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. बाईंनी किती मुली अशा हाताला धरून वर्गात आणून बसवल्या असतील, आणि किती पत्रिका त्यांच्या हातात पडल्या असतील? त्या दिवशी तुमची पत्रिका वाचताना त्यांना तुमच्या सासूबाई दिसल्या नाहीत, नर्सिंगचं कॉलेज दिसलं नाही. त्यांना फड दिसला. त्या हरल्या होत्या आणि हरलेल्या माणसानं बोलावं तसं बोलून गेल्या.

माझ्या आईचंही असं एक वाक्य होतं. आमच्या गावात आठवडी बाजाराला एकजण हातगाडीवर भाजी विकायचा. आई कायम त्याच्याकडूनच घ्यायची. घरात आधीची मेथी पडलेली असली तरी आणखी दोन जुड्या आणायची. आम्ही भावंडं मेथीला कंटाळायचो. मी नोकरीला लागल्यावर एकदा तिला विचारलं, तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "सहावीत मी त्याला सगळ्यांसमोर म्हटलं होतं, तुझ्याच्यानं काही व्हायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही." त्याला ते आठवत होतं की नाही, तो त्या वाक्यामुळेच गेला की घरच्या ओढाताणीमुळे, हे तिला कधी कळलं नाही. विचारायची तिला हिंमत झाली नाही. तो मात्र तिला दरवेळी "बाई" म्हणून एक जुडी जास्तीची टाकायचा, आणि त्यानं तिला जास्तच त्रास व्हायचा.

तुमच्या बाईंना ते वाक्य आठवतं आहे का, हे मी इथून सांगू शकत नाही. आठवत असेल, तर त्या लग्नाला का आल्या नाहीत, याचाही अंदाज करता येतो. नसेल आठवत, तरी तुम्ही ते गिळून टाकावं असं मला वाटत नाही. पोटात ठेवून नमस्कार केलात तर नमस्कारही अर्धाच होईल. फक्त तक्रार म्हणून बोलू नका. तुमची गोष्ट सुरुवातीपासून सांगा, आणि गोष्टीत स्टँडची जागा आली की तिथे थांबून म्हणा, "बाई, तुम्ही तेव्हा म्हणालात मेहनत पाण्यात गेली. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं." आणि पुढे जा. सासूबाई, दोन वर्षांचा मुलगा, नर्सिंगचा निकाल, पहिली नाईट ड्युटी, सगळं सांगा.

त्या कदाचित "माझं चुकलं गं" म्हणतील. तेव्हा एक जपा. आपल्याकडे वडीलधारं माणूस असं म्हणालं की आपण लगेच "छे छे बाई, असं काय बोलता" म्हणून त्यांचं बोलणं तोडतो. तसं करू नका. त्यांना ते पूर्ण बोलू द्या. कदाचित त्यांनाही ते कुणाला तरी सांगायचं असेल. आणि त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसतं ऐकून घेतलं आणि चहा टाकायला उठल्या, तर तेही चालेल. तुम्ही सांगायचं ते सांगितलंत.

समोर बसून हे बोलवणार नाही असं वाटत असेल तर आधी पत्र लिहा. व्हॉट्सअॅपवर नको, कागदावर. मला लिहिलंत ना, तितक्याच साधेपणानं लिहा.

पैशांचं. पन्नास हजार ही तुमच्यासाठी लहान रक्कम नाही, हे मला कळतं, आणि मनापासून द्यायचे आहेत हेही. पण न विचारता खात्यावर टाकू नका. बाई 2005 च्या नोव्हेंबरच्या आधी नोकरीत लागलेल्या आहेत, म्हणजे त्यांना जुन्या पद्धतीची पेन्शन असणार. एकट्या आहेत म्हणून अडचणीत आहेत असं नाही. अचानक पैसे आले तर त्यांना आपण घेतलेल्या कष्टाची किंमत ठरवल्यासारखं वाटेल. खरोखर गरज आहे असं तिथे गेल्यावर दिसलं तर तेव्हा बघता येईल, आणि ते गुपचूप करता येईल.

त्यापेक्षा तुमच्या हाताला जे येतं ते घेऊन जा. यजमान गेल्यावर एकट्या राहणाऱ्या बाईमाणसाची औषधांची पिशवी कशी असते, तुम्ही रोज बघता. तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, एकाच गोळीची दोन कंपन्यांची नावं, सकाळची कुठली आणि रात्रीची कुठली याचा घोळ. बोलणं झाल्यावर, सहज म्हणून, "बाई, औषधं दाखवा बरं" म्हणा. त्यांच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधा. जमलं तर कुठली गोळी कधी घ्यायची ते मोठ्या अक्षरात एका कागदावर लिहून फ्रिजला लावून या, आणि काही शंका वाटली तर त्यांच्या डॉक्टरांशी बोलायला सांगा. ज्या बोटांना पेन धरायला त्यांनी लावलं, ती बोटं आपली नाडी मोजताहेत, हे त्यांना बघू द्या. सत्काराच्या ट्रॉफीपेक्षा ते त्यांच्या जास्त लक्षात राहील असं मला वाटतं. मात्र गेल्या गेल्या तपासायला बसू नका, आधी चहा होऊ द्या.

सत्कारालाही जा. मी त्याला नाव ठेवत नाही. आपण ज्या गावात आयुष्य घालवलं त्या गावासमोर कुणी चांगलं बोलावं, असं कुणाला वाटत नाही? पण तिथे सरपंच बोलतील, केंद्रप्रमुख बोलतील, माइक खरखरेल, आणि बाई शाल सावरत बसतील. तिथे तुमचं हे बोलणं होणार नाही. दोन मिनिटं मिळाली तर फक्त कालनिर्णयाची गोष्ट सांगा. तिथे बसलेल्यांपैकी निम्म्यांना ती माहीत नसेल, आणि शाळेत आता शिकवणाऱ्या एखाद्या तरुण बाईंनी ती ऐकली तर फार बरं.

ओळखतील का? पहिल्या क्षणी कदाचित नाही. तुम्ही तेव्हा दोन वेण्या घातलेल्या होतात, आता 36 वर्षांच्या आहात. म्हणून दारात उभं राहून "सांगा बरं मी कोण" असं कोडं घालू नका. म्हाताऱ्या माणसाला त्यात फार अवघडल्यासारखं होतं. लग्नाआधीचं पूर्ण नाव सांगा, वडिलांचं नाव सांगा, आजीला नीट दिसत नव्हतं ते सांगा. नाव विसरतं, पण नीट न दिसणाऱ्या आजीजवळ राहणारी ऊसतोड्यांची पोर विसरणं अवघड आहे. आणि समजा, नाहीच आठवलं, तरी सगळी गोष्ट सांगून या. आपण असं कुणासाठी तरी केलं होतं, हे त्यांना नव्यानं कळेल.

कधी जाऊ, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मी सांगते. दसऱ्याला. ड्युटी आत्ताच बदलून घ्या. आपट्याची पानं घेऊन गेलेल्या माणसाला, का आलीस, इतक्या वर्षांनी कशी आलीस, असं कुणी विचारत नाही. त्या दिवशी वडीलधाऱ्यांच्या घरी सोनं द्यायला जायचंच असतं. तुमच्या मुलालाही न्या. त्याच्या शाळेत पाटीपूजनाला काढतात तशी एकाच्या आकड्यांची सरस्वती त्याला कागदावर काढायला सांगा, बाईंना दाखवायला. त्या ती नक्की तपासतील. आणि आईवडील आता टोळीला जात नसतील तर त्यांनाही विचारा. आधी नाही का म्हणत होतो आणि शेवटी हो का म्हणालो, हे तुमच्या वडिलांनी बाईंना कधी सांगितलं नसेल.

दुपारी एक ते चारमध्ये जाऊ नका, त्या वयात माणसं जरा आडवी होतात. जाण्याआधी फोन करा. फोनवर सगळं सांगत बसू नका, नाव सांगा आणि म्हणा, "सोनं द्यायला येतेय."

बाई काय म्हणाल्या, ते मला नक्की लिहून कळवा.

तुमची,
ताई